माठ कुठे आहे हे त्याला माहीत होतं

दुसऱ्यांदा आला तेव्हा बाळूने पाणी कुठे आहे ते विचारलं नाही. साध्या कपड्यातल्या पोलीस ताईंचा हात सोडून तो सरळ कोपऱ्यातल्या माठाकडे गेला. डाव्या हाताने झाकण काढून खाली ठेवलं, डाव्याच हाताने पेला भरून घेतला. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. पाणी पिऊन झाल्यावर झाकण परत नीट बसवलं आणि भिंतीलगतच्या लोखंडी खुर्चीवर जाऊन बसला. फेब्रुवारीतही तो त्याच खुर्चीवर बसला होता.

मी बाल कल्याण समितीच्या टेबलामागे होते. सात महिन्यांपूर्वी त्याला घरी पाठवण्याच्या आदेशावर ज्या तिघांच्या सह्या होत्या, त्यांतली एक माझी.

बाळू हे त्याचं नाव नाही. बाल न्याय कायद्याच्या 74व्या कलमाप्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी छापलं नसतं. ओळखीच्या काही खुणा बदलल्या आहेत. मराठवाड्यातला एक जिल्हा, एवढं पुरे. पण हे लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं. कारण त्या खुर्चीवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येऊन बसलेली मुलं मी तीन वर्षांत पाहिली, आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. पहिल्यांदा मार खाल्लेल्या मुलाची बातमी होते. घरी परत पाठवलेल्या मुलाचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही.

मी मूळची शिक्षिका. चोवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. त्यानंतर तीन वर्षं समितीवर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक बाई. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार तिला असतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल 24 तासांच्या आत समितीपुढे आणावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मग घरची चौकशी, तिला 15 दिवस. अंतिम निर्णय चार महिन्यांत. कागदावर सगळं चोख आहे.

आता पहिली वेळ सांगते.

टाळेबंदीनंतर पाचवी ते आठवीचे वर्ग 27 जानेवारी 2021 ला उघडले. दहा महिने शाळा बंद होती. बाळू सहावीत. त्याच्या सरांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की हा पोरगा बाकाला पाठ टेकत नाही. बाजूला घेऊन शर्ट वर केला. मोबाइलच्या चार्जरची वायर दुमडून मारली की अंगावर जी खूण उठते, ती एकदा पाहिली की विसरता येत नाही. दोन समांतर रेघा आणि टोकाला नालेसारखं वळण. तशा खुणा होत्या, काही ताज्या, काही पिवळट पडलेल्या. सरांनी 1098 ला, म्हणजे संकटातल्या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. त्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला कायम मान देते, कारण गावात राहून असा फोन करणं सोपं नसतं.

मारणारी आई होती. ती आली तेव्हा कडेवर पाच महिन्यांची मुलगी, तिला इथे चिमी म्हणते. आईने काहीही नाकारलं नाही. खाली मान घालून म्हणाली, "हाव, म्या मारलं. चुकलं माझं." बाप तालुक्याच्या मोंढ्यात हमाली करायचा, तो दाराजवळ टोपी हातात घेऊन उभा. "मी घरी नव्हतो सायेब, मला ठावं असतं तर होऊ दिलं नसतं." आम्हाला तो समजूतदार वाटला.

चौकशी होईपर्यंत बाळू तीन आठवडे बालगृहात होता. गृहचौकशीचा चार पानी अहवाल आला. शेवटचं वाक्य असं : "आर्थिक परिस्थिती बेताची असून पालकांना पश्चात्ताप झालेला आहे, बालक घरी जाण्यास इच्छुक आहे, सबब ताबा देण्यास हरकत नसावी." हे वाक्य मी किती अहवालांत वाचलं असेल त्याला गणती नाही. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. एका माणसाकडे किती तालुके असतात, गाडीभत्ता कधी मिळतो, हे मी जवळून पाहिलंय. पण वाक्य तेच असायचं, घरं मात्र वेगवेगळी.

बाळूला विचारलं. तो म्हणाला, "घरी जायचंय. चिमीला झोळीत मीच टाकतो. माझ्याबिगर ती झोपत नाही."

आईला समज दिली. हमीपत्र लिहून घेतलं, यापुढे मी मुलास मारहाण करणार नाही, त्याचं शिक्षण बंद करणार नाही, बोलावल्यावर हजर राहीन. तिने अंगठा दिला आणि निळी शाई पदराला पुसली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाळू घरी गेला.

आणि तीन आठवड्यांत शाळा पुन्हा बंद झाल्या. दुसरी लाट.

त्या काळात घरी पाठवलेल्या मुलांची विचारपूस फोनवर चालायची. प्रवासावर बंधनं होती, दुसरा मार्गही नव्हता. बाळूच्या घरी सहा वेळा फोन गेल्याची नोंद आहे. प्रत्येक नोंदीपुढे एकच शेरा : "बालक सुखरूप." ऑक्टोबरमध्ये फाइल उघडून बसले तेव्हा मी पहिल्यांदा त्या नंबराकडे नीट पाहिलं. घरात मोबाइल एकच होता. बापाचा. सहाही वेळा "पोरगं मजेत हाय" असं सांगणारा तोच होता.

4 ऑक्टोबर 2021 ला गावातल्या शाळा उघडल्या. त्याच सरांच्या वर्गात बाळू प्लास्टर घालून आला. झाडावरून पडलो म्हणाला. शेजारच्या घरातल्या मुलाने मधल्या सुट्टीत खरं सांगितलं. दारू पिऊन आलेला बाप आईला मारत होता, बाळू मध्ये पडला, बापाने त्याचा हात पिरगाळून त्याला भिंतीवर ढकललं.

म्हणजे मारणारा हात दुसराच होता. हमीपत्र आईचं होतं, आणि आईने ते पाळलं होतं. सात महिन्यांत तिने त्याला एकदाही मारलं नाही, हे बाळूनेच सांगितलं. आम्ही एका माणसाकडून लिहून घेतलं आणि घराकडे पाहिलंच नाही.

त्या रात्री मी तो चार पानी अहवाल पुन्हा वाचला. पहिल्या पानावर होतं : आजी सप्टेंबर 2020 मध्ये वारली. दुसऱ्या पानावर : मोंढा बंद असल्याने वडिलांना आठवड्यातून एक-दोन दिवस काम, किराणा दुकानाची उधारी, दोन जणांकडून उसनवारी. त्याच पानावर तळाला : वडिलांना "अधूनमधून व्यसन". तिसऱ्या पानावर : आईचं बाळंतपण अवघड झालं, तब्येत नाजूक, माहेरचं येणं-जाणं बंद. आणि चौथ्या पानावर, शिक्षणाच्या रकान्यात : तिसरीत असताना सहा महिने मामाकडे, कारण घरगुती.

मी गणिताची बाई. मुलांना आयुष्यभर सांगत आले की उदाहरण पूर्ण वाचा, मग मांडणी करा. इथे सगळी माहिती समोर होती, वेगवेगळ्या पानांवर, आणि आम्ही ती एकत्र मांडलीच नव्हती. जिच्या मध्ये पडण्याने मार थांबायचा ती आजी गेली. पैसा आटला. दारू वाढली. तान्ह्या मुलीमुळे आईला झोप नाही. माहेर आधीच तुटलेलं. शाळा बंद. यांतली एकेक गोष्ट हजार घरांत असते आणि ती घरं तरून जातात. सगळ्या एकाच दहा-बाय-बाराच्या खोलीत एकाच वर्षी एकत्र आल्या तर काय होईल, हा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता.

ते सहा महिने मामाकडे कशासाठी, हे मी नंतर सरांमार्फत शोधून काढलं. तिसरीत असताना बाळूच्या डोक्याला खोक पडली होती. मामा येऊन त्याला घेऊन गेला, पुढे भावजी-मेहुण्यांचं भांडण झालं आणि बापाने पोरगं परत आणलं. तेव्हापासून माहेर तुटलं. म्हणजे फेब्रुवारीत आम्ही ज्याला पहिली वेळ समजत होतो ती दुसरी होती, आणि प्लास्टरची तिसरी. मोजणीच चुकली होती.

हे फक्त आमच्या जिल्ह्यातलं नाही. जगभर या विषयावर जो अभ्यास झालाय त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा सापडतात. मुलाला पूर्वी मारहाण झालेली असणं हीच पुढच्या मारहाणीची सगळ्यांत मोठी खूण. आई मार खात असेल तर मूलही खाण्याचा धोका वाढतो. दारू, आई-बापाचं मानसिक आजारपण, वयाने लहान मूल, एकामागून एक संकटं. आणि तक्रार झाल्यानंतरचे, किंवा मूल घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे-महिने सगळ्यांत जोखमीचे. नेमके तेच महिने आपल्याकडे मोकळे सुटतात. आदेश झाला, ताबा दिला, प्रकरण निकाली.

गावात हे बोलायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आम्ही नाही का मार खाल्ला? काय बिघडलं आमचं?" ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीतसुद्धा ऐकलंय. महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये मोठी पाहणी प्रसिद्ध केली होती, 13 राज्यं, 12,447 मुलं. दर तीन मुलांमागे दोघांनी अंगावर मार खाल्ल्याचं सांगितलं होतं, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्क्यांना मारणारे आई-बापच होते. इतकं सर्रास असलं की वायरचा वळ आणि पाठीत घातलेला धपाटा यांत लोकांना फरकच दिसेनासा होतो. शेजारी ऐकतात आणि "त्यांच्या घरचा मामला" म्हणून दार लावून घेतात.

मला या लोकांना दूषणं द्यायचा अधिकार नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही वर्गात पट्टी वापरलीय. तळहातावर, उभी धरून. पाढा चुकला म्हणून. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने ते बंद झालं, त्याच्या थोडं आधी मी स्वतः थांबले होते, कारण एका मुलीने मार खायच्या आधीच हात पुढे केला. तिला काही विचारलंही नव्हतं. घरून ती सवय घेऊन आली होती. तिच्या घरी काय चाललं होतं, हे मी विचारलं नाही. तिचा पुढे केलेला हात मला अजून दिसतो.

"मग मूल घरी पाठवायचंच कशाला?" असं मैत्रिणी विचारतात. रागाच्या भरात मलाही तसंच वाटायचं. पण बालगृह हे घर नसतं. कायदाही सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. बालगृहातल्या तीन आठवड्यांत बाळू रात्री उठून बसायचा, चिमी रडतेय असं त्याला वाटायचं. मूल घरातून काढलं की मार थांबतो हे खरं, आणि त्याच वेळी त्याचं सगळं जग सुटतं, हेही खरं. शिवाय मागे राहिलेल्या भावंडाचं काय? म्हणून मला वाटतं की घरी पाठवायचं असेल तर पाठवा, पण त्या घराच्या उंबऱ्यावर कुणाचं तरी पाऊल पडत राहिलं पाहिजे. पहिले तीन महिने तर दर आठवड्याला. मूल प्रत्यक्ष दिसलं पाहिजे, त्याच्याशी एकट्याने बोललं गेलं पाहिजे. बापाच्या मोबाइलवर नव्हे.

हे स्वप्नरंजन नाही, मी होताना पाहिलंय. आमच्याकडे त्याच वर्षी चार वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण होतं. आई मजुरीला, सावत्र बाप, घर जवळपास बाळूच्या घरासारखंच. आदेश देताना आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी एक साधी गोष्ट केली. त्या गावच्या अंगणवाडी सेविकेला बोलावून घेतलं आणि अडचण समजावून सांगितली. टाळेबंदीत अंगणवाडीचा आहार घरोघर पोचवला जायचा. सेविकाताई पाकिटं द्यायला जायच्या तेव्हा मुलीला बाहेर बोलवायच्या, वजन करायचंय म्हणून काट्यावर उभं करायच्या, हात-पाय-पाठ डोळ्यांखालून घालायच्या. आईशी चार गोष्टी बोलायच्या. सावत्र बापाला कळून चुकलं की या घरावर कुणाची तरी नजर आहे. आईलाही बोलायला माणूस मिळालं. एकदा तिनेच निरोप पाठवला, "ताई, दोन दिवस पोरगी तुमच्याकडं ठेवता का, हे लई तापलेत." ताईंनी ठेवली. त्या मुलीचं प्रकरण पुन्हा आमच्यापुढे आलं नाही. या कामाबद्दल ताईंना एक रुपयाही जास्तीचा मिळाला नाही, हे मात्र लिहिलंच पाहिजे.

बाळूच्या आईशी आम्ही खऱ्या अर्थाने बोललो ते ऑक्टोबरमध्ये. नवरा बाहेर, दार बंद, समुपदेशक आणि मी. पहिला अर्धा तास ती "तुमी म्हनाल तसं" एवढंच म्हणत होती. मग चिमी झोपली आणि ती बोलायला लागली. फेब्रुवारीत तिला वाटलं होतं की आपण काही बोललो तर आपल्याला जेलात टाकतील आणि तान्ही पोर मागे राहील, म्हणून जे विचारलं त्याला ती हो म्हणत गेली. नवरा लग्नापासून मारतो. सासू होती तोवर मध्ये पडायची. सासू गेल्यावर रात्रभर पोर रडायची, नवरा ओरडायचा, हिला डोळ्याला डोळा नाही. एके दिवशी बाळूच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं. "मला कळलंच नाई मॅडम, कवा वायर हातात आली. थांबले तवा त्यो रडत पन नव्हता." असं म्हणून ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसली.

नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध 2005 चा कायदा आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी आहेत. ते खातंही महिला व बालविकासच. पण मुलाची फाइल एका टेबलावर आणि आईची, असलीच तर, दुसऱ्या. फेब्रुवारीत आम्ही फक्त एवढं विचारलं असतं की "बाई, तुला कोण मारतं?", तर ती दोन टेबलं तेव्हाच जोडली गेली असती. तो प्रश्न छापील नमुन्यात असो-नसो, मी तोंडाने विचारू शकत होते. पुढच्या प्रत्येक प्रकरणात मी विचारला, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

बापावर गुन्हा नोंदला गेला. बाल न्याय कायद्याच्या 75व्या कलमात तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखाचा दंड किंवा दोन्ही आहे. तो खटला कोर्टाचा विषय, त्याबद्दल इथे लिहीत नाही. बाळूला त्याच्या आत्याकडे ठेवलं, दुसऱ्या तालुक्यात. आत्या विधवा, शिलाई मशीन चालवते, भावाला तोंडावर सुनावणारी बाई. बालसंगोपन योजनेत तेव्हा महिन्याला 1,100 रुपये मिळायचे, 2023 पासून ते 2,250 झाले. रक्कम छोटी आहे, पण आत्याने त्यातून पहिली वस्तू घेतली ती सायकल, कारण शाळा लांब होती. आईला तिच्या भावाकडे पुन्हा जोडून देण्यात समुपदेशकाचे चार महिने गेले. आता मामा महिन्यातून एकदा येऊन जातो.

माझी मुदत 2022 मध्ये संपली. 1098 ही सेवा पुढे स्वयंसेवी संस्थांकडून सरकारकडे आली आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. नंबर तोच आहे. कुणाच्या शेजारी असं घर असेल तर कृपया तो फिरवा. आणि एकदा फिरवून झाला की पुढच्या महिन्यात त्या घरी साखर मागायच्या निमित्ताने का होईना, जाऊन या. मूल बाहेर येतंय का बघा.

चिमी अजून त्याच घरात आहे. मला तिची काळजी वाटते हे लपवत नाही. गावातली अंगणवाडी शाळेच्या आवारातच आहे, त्यामुळे बाळूचे ते सर तिला रोज बघतात. मध्यंतरी त्यांचा फोन आला होता. सलग दोन दिवस आली नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर सर घरी गेले. कांजिण्या उठल्या होत्या. आई दारात तिला मांडीवर घेऊन कडुलिंबाचा पाला फिरवत होती. सर पाच मिनिटं बसले, चहा घेतला आणि आले.

"सोमवारी परत जाईन," ते म्हणाले.